समास

वेल्समधल्या आमच्या खोऱ्यातलं वाचनालय शुक्रवारी बंद होतंय.
पुस्तकांचे तीन ढीग केलेत मी:
शहरात जाणारी, विकायची,
आणि लगद्याची.

हे लगद्याचं.
पाठीला सेलोटेप, कागद पापडासारखा,
मुखपृष्ठावर काळातून घसरत जाणारं दीपगृह
आणि दारात कप्तान, त्याची मदतनीस टॅम्सिन.
मालिका चार महिने चालली, शनिवारी संध्याकाळी.
मग कंपनीनं टेपा पुसल्या
आणि त्यांवर घोड्यांच्या शर्यती भरल्या.
उरलं ते एवढंच: कुणीतरी घाईघाईत उरकलेली
एकशे सव्वीस पानं, पंच्याहत्तर सालची.

'पुस्तकात लिहू नये' अशी पाटी आहे दारावर.
अक्षर माझंच.
म्हणून खोडरबर घेऊन बसले.

पान नऊ. "टीव्हीवर दार हिरवं नव्हतं."
त्याखाली दुसरा हात: "तुमच्याकडे रंगीत टीव्ही होता?
मजा आहे बुवा."

पान चाळीस. "भरतीची वेळ साफ चूक. – एक निवृत्त खलाशी."
बाण, समुद्राची खोली, लांबलचक वजाबाकी,
आणि कितीतरी वर्षांनी, जांभळ्या शाईत:
"काका, हातचा एक विसरलात."

पान एक्क्याण्णव.
पडद्यावर वाचलेली टॅम्सिन इथे मरते.
समासाला पूर आलाय.
"लबाड!" "लबाड!!" "याला पैसे कुणी दिले?"
"आमच्या नेरिसनं दोन दिवस अन्न टाकलं. – तिची आई."
"कथेच्या दृष्टीनं योग्यच", यावर तिघांनी काट मारलीय,
तीन वेगवेगळ्या पेनांनी.
आणि अगदी तळाशी, संपाच्या हिवाळ्यातलं:
"घरात कोळसा नाही. हे पुस्तक शेगडीत घालणार होतो.
आधी शेवट वाचू म्हटलं."

मी अजून काहीच खोडलेलं नाही.

पान एकशे तीन. कप्तान विचारतो,
"एकदाच जाता येईल. कुठे?"
"डायनोसॉर बघायला." "पुढच्या शनिवारी."
"कार्डिफला, रग्बीच्या आदल्या दिवशी, पैज लावायला."
मग पेन्सिल, तिरकी, कागदात रुतलेली:
"गुरुवार. पहाटे पाच. पहिली पाळी."
साल लिहिलेलं नाही.
इथे त्या गुरुवारला साल लागत नाही.

त्याखाली कुणीतरी बॉलपेननं विचारलंय:
"जाऊन सांगणार काय? ऐकलं असतं का त्यांनी?"

त्याखाली पुन्हा तीच तिरकी पेन्सिल,
पण अक्षर आता मोठ्या माणसाचं:
"सांगणार काहीच नाही.
बूट लपवीन."

खोडरबर खाली ठेवला.
मी ओळखते ते अक्षर.
सभासद कार्डावर सही आहे, इदवल प्रॉथेरो,
दर मंगळवारी येतो, पेपर वाचतो,
पुस्तक कधी नेत नाही.

शिक्क्याची चाकं फिरवून पाहिली.
दिवस मागे जातो, महिना मागे जातो,
वर्षाचं चाक मात्र बारा वर्षांचंच.
बारा वर्षांत कुठे पोचणार?
आमचं यंत्र असलंच, स्वस्तातलं.

मंगळवारी तो आला. पुस्तक मी पेपरावर ठेवलं.
बराच वेळ मुखपृष्ठाकडे बघत राहिला.
"हे वाचलंय मी," म्हणाला. "भिकार आहे.
त्या पोरीला उगाच मारली."
मग कोटाच्या आतल्या खिशात सरकवलं
आणि बटण लावलं.

"परत कधी द्यायचं?"

मी शिक्का उचलला,
आणि तसाच ठेवून दिला.